रिकाम्या गोणी मोजा



दाव्यांच्या अपिलांबद्दल याही अंकात लिहा, असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. ते पुढच्या पानावर आहेच. पण संपादकीय या वेळी स्लॅबवर आहे. जमिनीच्या लढाईत स्लॅब कुठून आला, असं कोणी विचारेल, तर वनहक्क कायदा 2006 चं कलम 3(2) काढून बघा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, समाजमंदिर अशा तेरा प्रकारच्या कामांना वनजमीन देता येते. एका कामाला एक हेक्टरच्या आत, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं न तोडता, आणि ग्रामसभेने शिफारस केली तरच. म्हणजे जागा आपण देतो. हात वर करून, ठराव लिहून, झाडं मोजून देतो. मग त्या जागेवर काय उभं राहतंय हे बघायचा हक्क आपला नाही तर कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात आपल्या भागातल्या एका अंगणवाडीत वरून भाकरीएवढा पापुद्रा पडला. पोरं खिचडी खाऊन हात धुवायला बाहेर गेली होती, म्हणून वाचली. वर बघितलं तर सळया उघड्या आणि गंजून लाल. इमारतीला चार वर्षंही झाली नव्हती. साहेब आले आणि म्हणाले, पाऊस जास्त झाला. आपल्याकडे पाऊस कमी कधी होता? कुडाची घरं याच पावसात उभी आहेत.

पावसाने चांगला स्लॅब पडत नाही. सळईच्या खाली काँक्रीटचा थर पाहिजे, स्लॅबला निदान 20 मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. तो ठेवायला सळईखाली सिमेंटचे छोटे ठोकळे लावतात, त्याला कव्हर ब्लॉक म्हणतात. ते लावले नाहीत की सळई प्लेटवर टेकते. प्लेट काढल्यावर ती उघडीच राहते, वरून गिलावा मारून झाकतात. ओल आत गेली की लोखंड गंजतं, गंजलेलं लोखंड फुगतं, आणि फुगलं की खालचा थर ढकलून पाडतं. त्या अंगणवाडीत नेमकं हेच झालं. चार पैशांचे ठोकळे नव्हते आणि ते कोणी वाकून बघितलं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट, स्लॅब पडायच्या आदल्या दिवशी वर चढायचं. माल पडल्यावर आत काय आहे ते देवालाही दिसत नाही. अंदाजपत्रकाची नकल हातात पाहिजे, त्यात सळई किती मिलिमीटरची आणि किती अंतरावर ते लिहिलेलं असतं. अंतर टेपने मोजा. सहा इंच लिहिलं असेल तर नऊ इंच चालणार नाही. जाडी डोळ्याला कळत नाही, वजनाने कळते. 12 मीटरची, म्हणजे चाळीस फुटी सळई आठ मिलिमीटरची असेल तर सुमारे पावणेपाच किलो भरते, दहाची सुमारे साडेसात. आठच्या जागी सहाची टाकली तर दोन मिलिमीटरचाच फरक वाटतो, पण लोखंड निम्म्याहून थोडंच जास्त उरतं.

छज्जाकडे वेगळं बघा. छज्जा एकाच बाजूने धरलेला असतो, त्यामुळे त्याच्या मुख्य सळया वरच्या अंगाला लागतात. खोलीच्या स्लॅबला मधोमध त्या खालच्या अंगाला असतात, आणि बघणारा तेच डोक्यात धरून छज्जालाही मान डोलावतो. कधी सळई बरोबर बांधलेली असते, पण घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. चालायला फळ्या टाकायला सांगा. पावसात शाळेची पोरं छज्जाखालीच उभी राहतात.

स्लॅबच्या दिवशी ठेकेदार मटण-भाताचं आमंत्रण देतो. जेवायला हरकत नाही, पण सगळ्यांनी एकदम जेवायला जायचं नाही. मिक्सरपाशी दोघं सतत पाहिजेत. एम-20 चं काँक्रीट म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग खडी. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि पंधरा इंच उंच असा लाकडी फरमा केला तर त्यात 50 किलोच्या एका गोणीचं सिमेंट बरोबर बसतं. मग एका गोणीला रेतीचे दीड फरमे, खडीचे तीन फरमे. घमेली लहानमोठी असतात, म्हणून एका फरम्यात साइटवरची किती घमेली बसतात ते सकाळीच मोजून घ्या. नंतर घमेली मोजली तरी पुरतं.

सगळ्यात सोपा हिशोब रिकाम्या गोणींचा. या मापाने एक घनमीटर काँक्रीटला सुमारे आठ गोणी सिमेंट जातं. तीस फूट बाय वीस फूट खोलीवर पाच इंच जाड स्लॅब असेल तर ते सात घनमीटर होतं. म्हणजे पंचावन्न ते साठ गोणी, तुळयांच्या वेगळ्या. संध्याकाळी चाळीसच रिकाम्या गोणी निघाल्या तर वीस गोणी कुठे गेल्या ते विचारा. हे गणित सातवीच्या पोरालाही येतं, आणि आपल्यातल्या म्हाताऱ्यांनी तर दाव्यासाठी दोरीने प्लॉट मोजून दिलेत. गोणी फोडायच्या आधी वरचा आठवडा आणि वर्ष वाचा. तीन महिन्यांपेक्षा जास्त पडून राहिलेलं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. हाताने न फुटणारे खडे झाले असतील तर ती गोणी बाजूला काढायची.

रेती ओली करून तळहातावर चोळा. हाताला चिखलाचा डाग राहिला तर रेतीत माती आहे. बाटलीत रेती आणि पाणी हलवून ठेवलं की वर मातीचा थर बसलेला दिसतोच. खाडीची रेती चाटून बघायला लाजू नका. खारट लागली तर धुतलेली नाही, आणि मीठ सळईला खातं.

मग पाणी. माल पातळ असला की ओतायला सोपा, पसरायला सोपा, काम दुपारीच आटपतं, म्हणून पाईप सोडून ठेवतात. एका गोणीला 30 लिटर पुरे, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. रेती ओली असेल तर त्याहून कमी. घमेल्यातून आमटीसारखा वाहणारा माल कमजोर असतो, सुकल्यावर त्याला भोकं आणि भेगा राहतात. मिक्सर बंद पडून माल घट्ट व्हायला लागला, तर त्यात पाणी मारून परत वापरू द्यायचा नाही. व्हायब्रेटर आहे का, आणि चालू आहे का, हेही बघा. नुसता कोपऱ्यात ठेवलेला आम्ही बघितलाय.

इथे एक सांगते. मिक्सरवर, घमेल्यावर, थापीवर जी माणसं असतात ती आपलीच. दिवाळीनंतर वसई-विरारला, भिवंडीला जाऊन मोठ्या बिल्डिंगांचे स्लॅब टाकणारी पोरं प्रत्येक पाड्यावर आहेत. कव्हर ब्लॉक काय ते त्यांना कोणी शिकवायला नको. शेठ सांगेल तसं करावं लागतं, नाहीतर हजेरी बुडते. तेव्हा भांडण घमेलं उचलणाऱ्या बाईशी करायचं नाही. उलट त्या पोरांना देखरेखीच्या समितीत घ्या, साहेबापेक्षा त्यांना जास्त कळतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त खराबी मात्र नंतर होते. निधी संपवायचा म्हणून मार्चमध्ये स्लॅब टाकतात, तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. स्लॅबला निदान सात दिवस सतत ओलं ठेवावं लागतं. गोणीवर पीपीसी लिहिलं असेल, किंवा ऊन फार असेल, तर दहा दिवस. भाताच्या खाचराला घालतो तशी मातीची पाळ स्लॅबवर चौफेर घालून पाणी भरून ठेवायचं. सकाळी एक बादली शिंपडली आणि दुपारी वर पांढरं कोरडं, त्याला पाणी मारणं म्हणत नाहीत. पाणी नाही असं ठेकेदार सांगेल. पाणी मारण्याचा खर्च काँक्रीटच्या दरातच धरलेला असतो, तेव्हा टँकर त्याने आणायचा. बायकांनी दोन किलोमीटरवरून आणलेला हंडा स्लॅबवर ओतायचा नाही. पाण्याची सोय नसेल तर स्लॅबची तारीख पुढे घ्या, असं ग्रामसभेने लिहून द्यावं.

टेकू घाईने काढू देऊ नका. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला निदान सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा. प्लेटा निघाल्या आणि गिलावा अजून व्हायचाय, तेवढेच एकदोन दिवस आपल्याला मिळतात. तेव्हा खालून बघा. मधाच्या पोळ्यासारखी भोकं, उघडी सळई, दोन वेळच्या मालाचा जोड स्पष्ट दिसणारी रेघ, सगळ्याचे फोटो काढा, बाजूला टेप धरून. हातोडीने हलकं वाजवा. ठण्ण आवाज आला तर ठीक, पोकळ भद्द आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे त्याच दिवशी भरून 28 दिवसांनी दाबून बघतात. त्या चाचणीचा कागद मागा. ठोकळे भरलेच नसतील तर तेही लिहून ठेवा.

दोष सापडला की ठेकेदाराच्या कानात सांगू नका. ग्रामपंचायतीमार्फत झालेलं काम असेल, तर पेसा कायदा 1996 च्या कलम 4 प्रमाणे पंचायतीला निधी वापरल्याचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यावं लागतं. दोष दुरुस्त होईपर्यंत ते देऊ नका, आणि का दिलं नाही ते ठरावात लिहा. काम जिल्हा परिषदेचं किंवा बांधकाम खात्याचं असेल तर माहितीचा अधिकार 2005 आहे. त्यात नुसते कागद मिळतात असं समजू नका. कलम 2 मध्ये कामाची पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्क लिहिलाय. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, उत्तर 30 दिवसांत. अर्जात मोजमाप पुस्तिकेची नकल मागायला विसरू नका. किती सिमेंट, किती लोखंड दाखवून बिल काढलं ते तिथे आहे, आणि आपल्याकडे गोणींचा आकडा आहे.

निधी परत जाईल, गप्प बसा, असं काही सरपंच म्हणतात. निधी परत गेला तर पुन्हा मागता येतो.

पावसाळ्याआधी दोन पाड्यांवर शाळाखोल्यांचे स्लॅब आहेत. संघटनेच्या खोलीवर दोन टेप आणि एक फरमा ठेवलाय, आदल्या दिवशी घेऊन जा. वजनकाटा किराणा दुकानातून मागून आणा. मिक्सरपाशी कोण, वर कोण आणि गोणी मोजायला कोण, ही नावं रविवारच्या बैठकीत लिहून द्या.