मोटर नवी, काच जड

धान कापणीला आले की तुमसरहून सिहोरा, बपेरा असा बालाघाटकडे जाणारा रस्ता धुळीत बुडतो. बावनथडीच्या पुलापाशी महाराष्ट्र संपतो, पण गाड्यांचे काम संपत नाही. सीमेवरच्या गॅरेजात एमएच ३६ आणि एमपी ५० अशा दोन्ही पाट्या एकाच झाडाखाली उभ्या असतात. या मोसमात एक तक्रार हमखास येते: ‘‘काच चढत नाही भाऊ, मोटर गेली वाटते, नवीन टाकून द्या.’’ मिस्त्री दरवाजाचे पॅड काढतो, मोटर बदलतो, काच वर जाते, गिऱ्हाईक पैसे देऊन निघते. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच गाडी त्याच दरवाजासाठी परत येते.

या अंकात आमचे म्हणणे एवढेच आहे: मोटर का गेली ते कळल्याशिवाय मोटर बदलू नका, आणि ते शोधून काढण्याचे पैसे उघडपणे मागा. दुसरी गोष्ट झाल्याशिवाय पहिली होणार नाही, म्हणून दोन्ही एकत्र मांडतो आहोत.

आधी या भागाबद्दल. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. वैनगंगा आणि बावनथडीतून रेती भरलेले टिप्पर दिवसभर धावतात. मळणीच्या काळात धानाचा भुसा, राइस मिलचा कोंडा हवेत असतो. हे सगळे काचेला चिकटते आणि काच खाली गेली की तिच्यासोबत दरवाजात उतरते. बाहेरच्या पट्टीच्या रबराला रेती लागली की रबर काचेला पुसण्याऐवजी घासू लागते. उभ्या चॅनलच्या रबरात धूळ बसून घट्ट थर होतो. उन्हाळ्यात तेच रबर वाळते, कडक होते. काच दरवर्षी थोडी थोडी जड होत जाते आणि मालकाला ते कळत नाही, कारण बटण दाबायला जोर लागत नाही. हाताने फिरवायच्या हँडलची हीच एक गोष्ट चांगली होती. काच जड झाली की मनगटाला आधी समजायचे.

मग पाऊस. भंडारा जिल्ह्यात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पडतो. दरवाजात पाणी शिरणारच. काचेच्या बाहेरच्या बाजूने ते आत उतरावे आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडावे, अशीच दरवाजाची रचना असते. छिद्रे भुशाने आणि चिखलाने बुजली की पाणी आत साठते. मोटर बहुतेक गाड्यांत दरवाजाच्या खालच्या अर्ध्या भागात असते. ती ओलीत राहते, तिच्या कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराचे पाणी भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरले होते. अशा पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे इंजिन आणि सीट लोक लगेच पाहतात, दरवाजा उघडून पाहण्याचे मात्र फार थोड्यांना सुचते.

काचेची मोटर ही १२ व्होल्टची साधी चुंबकी मोटर आहे. तिच्या दांड्यावर वर्म आणि त्याला लागलेला, बहुधा प्लास्टिकचा, दाते असलेला गिअर असतो. वर्ममुळेच काच स्वतःच्या वजनाने खाली घसरत नाही. जड झालेल्या काचेला ओढताना मोटर जास्त प्रवाह घेते. मोकळी फिरताना काही अँपिअर घेणारी मोटर अडकली की वीसच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. म्हणून बहुतेक मोटरींत उष्णतेने सुटणारा एक कटआउट बसवलेला असतो. गिऱ्हाईक जेव्हा म्हणते, ‘‘थोडा वेळ बंद राहते, मग आपोआप चालते,’’ तेव्हा ते मोटर मेल्याचे नाही, मोटर दमल्याचे सांगत असते. अशा गाडीत नवी मोटर घातली तर तीही दमेल, फक्त काही महिने उशिरा.

गिऱ्हाइकाचे बोलणे नीट ऐकले तर अर्धे निदान तिथेच होते. दरवाजावर थाप मारली की काच चालू होते, तर कार्बन झिजलेत आणि मोटर खरोखरच शेवटाला आली आहे. बटण दाबल्यावर आत घर्रर आवाज येतो पण काच हलत नाही किंवा तिरकी होऊन खाली पडते, तर केबल तुटली आहे किंवा काच उचलणाऱ्या मशीनचा प्लास्टिकचा तुकडा गेला आहे. मोटर तर फिरतेच आहे. दरवाजा अर्धा उघडला की चालते आणि बंद केला की नाही, तर दरवाजा आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतली वायर तुटलेली आहे. ड्रायव्हरच्या दरवाजात हा दोष सर्वांत जास्त, कारण तोच दरवाजा दिवसातून सर्वाधिक वेळा उघडतो. बाकी तिन्ही दरवाजांच्या काचांचा प्रवाहही ड्रायव्हरच्या मुख्य स्विचमधून जातो, हे विसरून मागच्या दरवाजाचे पॅड काढणारे कारागीर अजून आहेत. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये बटण न दाबता मोटरीच्या दोन्ही वायरी अर्थला असतात आणि तो अर्थ मुख्य स्विचमधूनच मिळतो. तिथला संपर्क काळा पडला की मागची निरोगी मोटर ठप्प होते.

तपासण्याच्या पद्धतीबद्दल इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण चुकीच्या निदानाचे मूळ इथेच असते. आपण कपलर काढतो, टेस्ट लॅम्प लावतो, तो पेटतो आणि आपण ठरवतो, करंट येतोय म्हणजे मोटर खराब. मल्टिमीटरवरही १२ व्होल्ट दिसतात. पण वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी लहान दिवा पेटतो आणि मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण दोघेही जवळपास काहीच प्रवाह ओढत नाहीत. मोटर लावली की त्या एका तारेतून तिला पुरेसा प्रवाह जात नाही. म्हणून जुन्या हेडलाइटच्या ५५ वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडून ठेवा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे काच उचलणाऱ्या मोटरीच्या जवळपास. कपलरवर तो लख्ख पेटला तर वायरिंग ठीक. मिणमिणला तर दोष मोटरीच्या आधीच कुठेतरी आहे. पिना सांभाळून लावा आणि बल्ब गरम होतो, तो पॅडवर ठेवू नका.

मोटरीला थेट बॅटरी देऊन पाहणे ही दुसरी कसोटी. त्यात एक काळजी: दोनच पिनांची मोटर असेल तरच हे करा. नव्या गाड्यांत मोटरीच्याच डब्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड असते, कपलरला जास्त पिना असतात, तिथे थेट बॅटरी दिली तर चांगले कार्ड जळेल. तिसरी कसोटी सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी केली जाणारी: काच मशीनपासून सोडवा आणि दोन्ही हातांनी चॅनलमध्ये वर-खाली सरकवून पाहा. हाताला जड लागली तर मोटरीलाही जड लागते. चॅनल ओल्या कापडाने साफ करा, सुकवा, सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल रबरावर कधीही नको. रेती त्याला चिकटते आणि रबर फुगते. ग्रीस लावायचे ते मशीनच्या लोखंडी पट्टीवर. अनेक गाड्यांचे काम इथेच संपते आणि मोटर जागची हलवावीही लागत नाही.

मोटर बदलावीच लागली तर दोन गोष्टी बोटांसाठी आणि एक गाडीसाठी. काच चौकटीला वरून चिकटपट्टीने पक्की बांधा, ती सुटून खाली आली तर हात आत असतो. कैचीच्या आकाराच्या मशीनला काच उचलायला मदत करणारी जाड स्प्रिंग असते. मोटर सोडली की दात्यांची पट्टी त्या स्प्रिंगच्या जोराने झटकन फिरते. मोटरीचे बोल्ट सोडण्याआधी ती पट्टी मशीनच्या पाटीला बोल्टने किंवा क्लॅम्पने जखडा. पोरगा नवीन लागला असेल तर त्याला हे पहिल्या दिवशी दाखवा, तोंडी सांगून भागत नाही.

आणि गाडीसाठी, पॅडमागचे प्लास्टिक. आपल्या धंद्यात त्याला कचरा समजतात. ओढून काढतात, फाटले की फेकतात, पॅड परत ठोकतात. त्या प्लास्टिकमुळे दरवाजातले पाणी दरवाजातच राहते. ते नसले की पाणी पॅडच्या पुठ्ठ्याला, स्विचला आणि खाली गालिच्याला लागते. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दरवाजातल्या हवेच्या दाबावर धडक ओळखतो. तिथे प्लास्टिक नसणे म्हणजे सेन्सरला चुकीची खबर. फाटले असेल तर जाड प्लास्टिक कापून ब्युटाइलच्या पट्टीने चिकटवा. तळाची छिद्रे वायरीने उघडा, एक तांब्या पाणी ओतून ते खालून वाहते का पाहा.

काच बसली, वर गेली, तरी काम झाले नाही. एका दाबात आपोआप बंद होणाऱ्या काचेला मोटर बदलल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर आपली वरची हद्द पुन्हा शिकवावी लागते. पद्धत गाडीगणिक वेगळी आहे, बहुतेकांत काच पूर्ण बंद करून बटण काही सेकंद धरून ठेवतात. हे केले नाही तर अडथळा लागल्यावर काच मागे फिरण्याची सोय काम करेलच असे नाही. युरोपात चालणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २१ क्रमांकाच्या नियमात ती काच १०० न्यूटनहून जास्त दाब देण्याआधी उलटी फिरली पाहिजे, म्हणजे साधारण दहा किलो वजनाच्या भाराआधी. अमेरिकेने २००४ मध्ये बटणांच्या रचनेचा नियम केला, खिडकीत उभ्या मुलाचा गुडघा पडून काच बंद होऊ नये म्हणून. गाडी देण्याआधी गुंडाळलेले वर्तमानपत्र काचेच्या वाटेत धरून पाहा. आपले बोट धरून पाहू नका.

हे सगळे आपल्यातल्या जाणत्या मिस्त्रींना माहीत आहे. तरी होत नाही, याचे कारण पैशात आहे. गावात कोणी म्हणतो, ‘‘नुसते पाहायचे कसले पैसे जी?’’ आणि आपणही संकोचतो. पाऊण तास शोधून तुटलेली वायर जोडली तर हातात काहीच येत नाही. मोटर बदलली तर मजुरी मिळते आणि पार्टवर सुटतेही. म्हणजे नीट तपासणाऱ्याचे नुकसान आणि न तपासता बदलणाऱ्याचा फायदा, अशी आपण स्वतःच व्यवस्था केली आहे. कारागीर लबाड आहे म्हणून मोटरी बदलल्या जात नाहीत. त्याच्या सर्वांत कठीण कामाला दर नाही, म्हणून बदलल्या जातात. आयटीआयमधून मेकॅनिक मोटार व्हेईकलची दोन वर्षे करून आलेला मुलगाही गॅरेजात वर्षभरात हेच शिकतो.

म्हणून दर ठरवा. गॅरेजाबाहेर पाटीवर लिहा: दरवाजा उघडून तपासणी इतके रुपये, काम इथेच केले तर ते मजुरीत वळते. पावतीवर तपासणी वेगळ्या ओळीत लिहा, काय सापडले तेही लिहा. काढलेली मोटर गिऱ्हाइकाच्या हातात द्या. बपेऱ्यात, सिहोऱ्यात, तुमसरात दोन-चार गॅरेजांनी मिळून एकच दर लावला तर ‘‘पलीकडे फुकट पाहतात’’ हे ऐकावे लागणार नाही. ज्यांनी असा दर लावला आहे त्यांनी तो आणि गिऱ्हाइकांचा प्रतिसाद आम्हाला लिहून कळवावा. पुढच्या अंकात आम्ही ते तालुकावार छापू.