दिवाळीच्या किल्ल्यावरचे पाणी निळे नको

दिवाळीचा किल्ला होत आला की शेवटी आरसा येतो. तो पायथ्याशी मातीत पुरायचा, कडेने अळीव पेरायचे, वर प्लास्टिकचे बदक ठेवायचे, झाले तळे! शाळेत असताना मीही हेच केले. आता आरशाची जागा निळ्या रेझिनने घेतली आहे. चकाकी वाढली, पण पाणी अजूनही चुकीच्याच जागी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गिरिदुर्गाचा जीव माथ्यावरच्या पाण्यात असतो. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ सांगते की, गड बांधण्याआधी पाणी पाहावे; नसेल आणि जागा सोडता येत नसेल, तर खडक फोडून पावसाळ्यापर्यंत पुरतील अशी तळी-टाकी करावीत. झरा असला तरी निर्धास्त राहू नये, कारण झुंजात तोफांच्या आवाजाने झरे आटतात, असेही त्यात म्हटले आहे. आपल्या प्रतिकृतींत तोफा डझनभर असतात, टाके एकही नसते.

शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांसारखी खांबटाकी करून पाहा. आत सावली असल्याने पाणी काळसर दिसते. उघड्या टाक्यात ते शेवाळी असते. म्हणून रंग पाण्याला नव्हे, तळाला द्यावा: मध्यभागी काळपट हिरवा, कडेला दगडाचा. वर पारदर्शक रेझिनचे पातळ थर, पहिला घट्ट झाल्यावरच दुसरा. एकदम जाड ओतल्यास ते तापते आणि तडकते. रेझिन परवडत नसेल तर वॉर्निशचे दोन-तीन हात पुरतात. (बारक्या टाक्यात खरे पाणी ओतू नये, माती ते पिते, आणि काठाशी चढणारी त्याची कड प्रतिकृतीच्या मापात लहान होत नाही.) दिवाळीत पावसाळा नुकताच सरलेला असतो, तेव्हा पातळी काठाच्या किंचित खाली ठेवावी आणि तिच्यावर ओलाव्याची एक गडद रेघ ओढावी. एवढ्या रेघेने पाणी खरे वाटू लागते.

जलदुर्गाभोवती समुद्र हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र सिंधुदुर्ग करणाऱ्यांनी तटाच्या आतल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी विसरू नयेत. चारी बाजूंनी खारे पाणी असताना गडकरी पीत होते ते हेच.