खडा, खड्डा आणि इटालियन

चाकण पट्ट्यात ब्रेक बनविणाऱ्या ब्रेंबो या इटालियन कंपनीचा कारखाना आहे. तिचे मुख्यालय बेर्गामोजवळ. या पट्ट्यातील चाळिशीचा एक तंत्रज्ञ माझा विद्यार्थी होता. इटलीला निघताना तो म्हणाला, “सर, माझं इंग्रजीच कच्चं, इटालियन कुठून येणार?” आपल्याकडे युरोपीय भाषा बहुधा इंग्रजीतून शिकवतात, त्यातून हा गैरसमज रुजतो. माझ्या मते प्रौढ मराठी भाषकाने इटालियनकडे मराठीतूनच जावे.

इटालियनमध्ये ‘पाला’ म्हणजे फावडे, ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. द्वित्वाने अर्थ पालटतो, ही गोष्ट इंग्रजी भाषकाच्या कानाला नवी असते. ‘खडा’ आणि ‘खड्डा’ यांतील भेद मात्र आपण बालपणीच आत्मसात केलेला असतो. तेथील त, द आपल्यासारखेच दंत्य. क्रियापदाच्या रूपावरून पुरुष कळत असल्याने कर्ता गाळता येतो (‘उद्या येतो’ म्हणताना आपण तरी ‘मी’ कुठे म्हणतो?). नामांना लिंगे दोनच. आपण तीन सांभाळतो. आदरार्थी संबोधनासाठी मात्र ‘ती’ या अर्थाचे ‘लेइ’ वापरतात, समोर पुरुष असला तरी! तेथे आपणही अडखळतो.

तो विद्यार्थी पहिला महिनाभर चुकण्याच्या लाजेने गप्पच होता. पुढे तेथील भाषावर्गात ‘पाल्ला’चा उच्चार इतरांना ऐकवण्यासाठी शिक्षिका त्यालाच उभे करू लागली.