लिहायचे आपण, विकत घ्यायचेही आपणच

बारावीच्या अर्थशास्त्रात मक्तेदारी शिकवली जाते. विक्रेता एकच, मालाला पर्याय नाही, मग भाव तो म्हणेल तो. गंमत अशी, की हा धडा जगाला शिकवणारे विद्वानच त्यात अडकले होते.

संशोधक शोधनिबंध लिहितो, त्याचे मानधन नियतकालिक देत नाही. तो तपासणारे तज्ज्ञही बहुधा फुकट काम करतात. या सर्वांचा पगार विद्यापीठ देते. आणि निबंध छापून आला, की तेच विद्यापीठ आपल्या ग्रंथालयासाठी ते नियतकालिक विकत घेते. घरच्या पिठाच्या भाकऱ्या शेजारी भाजायला द्याव्यात आणि परत आणताना पैसे मोजावेत, तसा हा व्यवहार! नफ्यासाठी चालणारी अर्थशास्त्राची नियतकालिके विद्वत्संस्थांच्या नियतकालिकांपेक्षा पानामागे कित्येक पट महाग पडतात, हे कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक टेड बर्गस्ट्रॉम यांनी 2001 मध्ये मांडले.

मग नवे नियतकालिक का काढत नाहीत? आम्ही शिक्षकांना याचे उत्तर ठाऊक आहे. नव्या शाळेत निकाल लागेपर्यंत हुशार मुले येत नाहीत आणि हुशार मुले येईपर्यंत निकाल लागत नाही. तरुण संशोधकाची नोकरी आणि बढती निबंध कुठे छापला यावर ठरते. नाव नसलेल्या ठिकाणी तो आपला उत्तम निबंध कशाला देईल?

ही कोंडी काही जणांनी फोडली. मार्च 2006 मध्ये ‘थिअरेटिकल इकॉनॉमिक्स’चा पहिला अंक निघाला. संपादक होते टोरोंटो विद्यापीठाचे मार्टिन ऑस्बोर्न. निबंध इंटरनेटवर, कोणालाही मोफत वाचता येतील असे. फुकट म्हणून कसे तरी नव्हे. निवड कडक ठेवली, म्हणून नाव झाले. 2010 मध्ये 1930 साली स्थापन झालेल्या इकॉनॉमेट्रिक सोसायटीने ते आपल्याकडे घेतले आणि वाचकांसाठी ते मोफतच राहिले.

फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे. कुणाचा तरी वेळ, कुणाची तरी वर्गणी त्यात असतेच. प्रश्न एवढाच, की दारावर पैसे वाचकाकडून घ्यायचे का?

हा प्रश्न आपल्या घरापासून दूर नाही. केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये ठेवले आणि 2025 पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली. स्वागतच आहे. पण तालुक्याच्या विनाअनुदानित कॉलेजात एम.ए. करणारी आपली लेक त्या दाराबाहेर राहते. तिच्यासाठी आधार उरतो तो खुल्या नियतकालिकांचा.

म्हणून पालकांनो, मुलीने ‘हा निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नाही’ म्हटले, तर लगेच हात टेकू नका. बरेच अर्थशास्त्रज्ञ आपल्या निबंधाचा मसुदा स्वतःच्या पानावर मोफत ठेवतात. लेखकाचे नाव घालून शोधायला सांगा. ‘आयडियाज’ या मोफत सूचीतही पाहता येते. ऑस्बोर्न आणि एरियल रुबिनस्टाइन यांचे सूक्ष्म अर्थशास्त्राचे 2020 चे पाठ्यपुस्तकही इंटरनेटवर मोफत मिळते. इंग्रजी जड जाईल, पण आठवड्याला चार पाने तिने वाचली, तर वर्षभरात दोनशे होतात.