विकायच्या घरालाही आकाशकंदील हवा

पुण्यातलं आमचं घर विकायला काढलंय. मी पोस्टिंगवर आसामात, आई घरी. एजंटचं म्हणणं, "सर, यंदा दिवाळीची सजावट नको. घर मोकळं दिसलं की लवकर जातं." मला हे पटत नाही.

आम्ही फौजी दर दोन-तीन वर्षांनी क्वार्टर सोडतो. मार्चिंग आउटला एमईएसचा माणूस भिंतीतले खिळेसुद्धा बघणार, हे ठाऊक असूनही प्रत्येक दारात रांगोळी पडली. जिथे मुक्काम, तिथे दिवा.

एजंटच्या बोलण्यात तथ्य आहे तेवढं जरूर घ्यावं. पितृपक्षात थांबलेली गिऱ्हाइकं दसरा ते पाडवा घरं बघत फिरतात. तेव्हा हॉलमध्ये पसारा नको. नवा खिळा नको, गॅलरीतला जुना हुक पुरे. उंबऱ्यावर ऑइलपेंट नको, रोज पुसता येणारी रांगोळी काढा. अनोळखी माणसं येणार, म्हणून मेडल्स कपाटात ठेवा. जाहिरातीचे फोटो कंदील लावण्याआधीच काढा; नाहीतर फेब्रुवारीत तोच कंदील घर किती दिवस पडून आहे ते सांगेल.

पण पणत्या आणि कंदील चुकवू नका. वडिलांनी फंडाच्या पैशांतून घेतलेल्या या घरातली आईची ही बहुधा शेवटची दिवाळी. सौदा महिनाभर लांबला तरी चालेल. तिने अंधाऱ्या घरात गिऱ्हाइकाची वाट बघत सण काढावा, हे मला चालणार नाही.