वाटाण्याचे रोप आणि भिंतीवरचा पडदा

प्राथमिक शाळेतील मुलाला दूरचित्रवाणीवरून विज्ञान शिकवता येते काय, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक पक्ष म्हणतो, तो सरकारी खटाटोप होता, बंद पडला, बरे झाले. दुसरा म्हणतो, आता दूरचित्रवाणी हवी कशाला? वर्गावर्गात 'स्मार्ट बोर्ड' आले आहेत, घरोघरी मोबाईल आहे. मला ही दोन्ही उत्तरे अमान्य आहेत, आणि तसे स्पष्ट सांगणे मी कर्तव्य समजतो. कारण आपल्या धर्मग्रामातील कितीतरी पालक यांपैकी एका उत्तरावर विसंबून आपल्या मुलांची शाळा निवडत असतात.

वास्तविक नाशिककरांना हा विषय परका नसावा. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके आपल्याला 'राजा हरिश्चंद्र'मुळे ठाऊक आहेत. मुंबईच्या चित्रगृहात ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून त्यांना या कलेचा ध्यास लागला, हेही आपल्या वाचकांनी अनेकदा ऐकले आहे. परंतु हरिश्चंद्राच्या आधी, १९१२ साली, त्यांनी एक लहानसा चित्रपट केला होता. त्याचा नायक होता वाटाण्याचे रोप! कुंडीत दाणा पेरायचा, कॅमेरा रोखून ठेवायचा आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत राहायचे. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर पाहता पाहता उरकली. भांडवल देणाऱ्यांना या कलेची खात्री पटवणे हा त्यामागील हेतू होता. पण हेतू कोणताही असो, आपल्या देशातील विज्ञानशिक्षणाच्या चित्रपटाचा पहिला धडा मी त्यालाच मानतो.

या चित्राने जे साधले ते कोणत्याही शिक्षकाला साधत नाही. काळ त्याने आखडून घेतला. डोळ्यांना न जाणवणारी हालचाल डोळ्यांना दिसली. विज्ञानशिक्षणात चित्राचे खरे काम हेच आहे. जे हाताला आणि डोळ्याला अप्राप्य ते समोर आणावे: हृदयाची झडप, चंद्रावरची माती, ज्वालामुखीचे तोंड. परंतु ज्या मुलाने आयुष्यात कधी दाणा भिजत घातलेला नाही त्याला हेच चित्र दाखवा; तो एवढेच शिकेल की रोप मिनिटाभरात उगवते. उपवासकाळातल्या शुक्रवारी त्याच्या ताटात मोड आलेल्या मटकीची उसळ असते. ते मोड कोठून आले, हा प्रश्न त्याला पडत नाही. कारण विज्ञान ही पडद्यावरची गोष्ट आहे, ताटातली नव्हे, अशी आपणच त्याची समजूत करून दिलेली असते.

हे सारे आधी कोणाच्या ध्यानी आले नव्हते असे नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'एटीएस-६' या अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २४०० खेड्यांत 'साइट' हा प्रयोग झाला. सकाळी शाळकरी मुलांसाठी चार भाषांत, प्रत्येक भाषेला साडेबावीस मिनिटे, असे कार्यक्रम होत. त्यांतील मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम 'इस्रो'च्या मुंबईतील स्टुडिओत तयार झाले. दैवदुर्विलास असा की त्या चार भाषांत मराठी नव्हती! पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. याच प्रयोगात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे १२ दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि ते नुसत्या दूरचित्रवाणीवर सोपवलेले नव्हते. चित्राबरोबर रेडिओ होता, छापील साहित्य होते आणि शिक्षकांनी स्वतः करून पाहावयाचे प्रयोग होते. पुढे मुलांची पाहणी झाली, तेव्हा शालेय विषयांतील गुणांत लक्षणीय भर पडल्याचे दिसले नाही. मात्र भाषा सुधारली होती आणि वर्गाबाहेरून काही जाणून घेण्याची ओढ वाढली होती. गुणपत्रिकेवर जगणाऱ्यांनी याला अपयश म्हणावे. मी म्हणणार नाही. सात-आठ वर्षांच्या मुलात जाणून घेण्याची ओढ निर्माण झाली, तर विज्ञानाच्या शिक्षकाने आणखी काय मागावे?

महाराष्ट्राच्या वाट्याला ही संधी १९८४ साली आली. पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली आणि मराठी मुलांसाठी मराठीतून कार्यक्रम तयार होऊ लागले. तिचे शीर्षकगीत आज चाळिशीत असलेल्या पालकांच्या कानांत अजून असेल. ती निर्दोष नव्हती. प्रक्षेपणाची वेळ शाळेच्या वेळापत्रकाशी जुळत नसे. वीज गेली की धडा गेला. आणि काही कार्यक्रम म्हणजे फळ्यासमोरचे गुरुजी कॅमेऱ्यासमोर आणून बसवल्यासारखे होते. पण हे दोष सुधारण्याजोगे होते. त्याऐवजी पुढे निधी आटला, कर्मचाऱ्यांचे वेतन रखडले आणि २०१७ साली संस्था बंद करण्याचा निर्णय झाला. आज तर ध्वनिचित्रफीत हवी तेव्हा लावता येते, थांबवता येते, मुलांना प्रश्न विचारून पुन्हा दाखवता येते. म्हणजे माध्यमाचा सर्वांत मोठा दोष नाहीसा होण्याच्या सुमारास आपण ते घडवणारी संस्थाच मोडीत काढली. याला काटकसर म्हणायचे काय?

तिची जागा कशाने घेतली ते पाहावे. शहरातल्या एका शाळेत (नाव सांगत नाही) चौथीच्या वर्गाला भिंतीवरच्या बोर्डावर चुन्याच्या निवळीचा प्रयोग दाखवला जात असताना मी उपस्थित होतो. पडद्यावरच्या मुलाने नळीतून फुंकर घातली, निवळी दुधाळ झाली, वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि बाईंनी उत्तर लिहून घ्यायला सांगितले. शाळेच्या फाटकासमोर पानाची टपरी होती. तेथे चुना जवळजवळ फुकट मिळतो! पेलाभर पाणी, चिमूटभर चुना आणि एक नळी एवढ्यावर जो प्रयोग प्रत्येक मुलाला स्वतःच्या श्वासाने करता आला असता, त्याचे चित्र पाहण्यासाठी पालकांनी शुल्क भरले होते. बाईंना मी दोष देत नाही. अभ्यासक्रम संपवण्याची घाई त्यांच्या मागे लावणारे कोण, हे आपण सारे जाणतो.

मोबाईलवर सगळे आहे, असे सांगणाऱ्यांनी तेथे आपले काय आहे हेही सांगावे. ऋतूंचा धडा लावला की बर्फ पडते आणि मेपलची पाने तांबडी होऊन गळतात. निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या का पेटतात, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस आला तर वेलीवर बुरशी का चढते, पेठ-सुरगाण्यात नागलीची रोपे आधी एका जागी वाढवून मग दुसरीकडे का लावतात, हे प्रश्न कोणत्या परदेशी कंपनीने विचारावेत अशी आपली अपेक्षा आहे? ते मराठीतून, येथल्या मातीत उभे राहूनच विचारावे लागतील.

तसे करता येते याचा पुरावा फार जुना नाही. २०२० साली शाळांना कुलपे लागली, तेव्हा २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेसाठी ६०, असे तिचे एकूण ४८० भाग होते. त्यांत वर्ग नव्हता, फळा नव्हता. घरातल्या आणि अंगणातल्या वस्तू घेऊन मुले घरच्या माणसांबरोबर काही करून पाहत होती. तिची निर्मिती एमकेसीएलच्या नॉलेज फाउंडेशनने केली. ज्या सरकारी संस्थेचे हे काम होते तिला टाळे लागून तेव्हा तीन वर्षे झाली होती.

शासनाने बालचित्रवाणीचे जुने कार्यक्रम निवडून, पारखून प्रत्येक मराठी शाळेपर्यंत पोहोचवावेत, आणि नवे तयार करणारी कायमची संस्था पुन्हा उभी करावी, ही मागणी आपल्या पालक संघांनी लेखी करावी. आदिवासी तालुक्यांतील मुलांना दुसरा आधार नाही. शहरातल्यांना आहे असे वाटते, एवढेच.

तोवर आपल्या सभागृहातला टीव्ही, जो क्रिकेटच्या अंतिम सामन्याखेरीज क्वचितच लागतो, शनिवारी दुपारी मुलांसाठी मोकळा आहे. पहिल्या शनिवारी तो लावला जाणार नाही. येताना मुलांनी मूठभर मटकी, एक वाटी आणि जुन्या सुती कापडाचा तुकडा आणावा. चित्र पुढच्या शनिवारी.