आधी नोंद, मग उपाय

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो आणि कोवळ्या पोरांच्या खिशातही जातो. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. तरी तोंड पुरते उघडेनासे झाले, गालात पांढरा चट्टा उठला, तरी दुखत नाही म्हणून आपण अंगावर काढतो. अशा आजाराची नोंद का हवी, हे बार्शीवरून कळते. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शी परिसरात १९८७ पासून गावोगावच्या कर्करुग्णांची नोंद होते. त्यातून ग्रामीण महिलांमधल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे चित्र स्पष्ट झाले. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतही अशी गावनिहाय नोंद हवी, कारण आकड्यांवाचून तपासणी शिबिरे कुठे घ्यायची हे ठरत नाही. तोवर वाचकहो, दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम डॉक्टरांना दाखवाच.